गुडघ्याचा सांधा बदलतात म्हणजे काय करतात?

गुडघेदुखी आपल्याला नवी नाही. पारावर बसलेली म्हातारी माणसे उठताना पाहा. कोणी गुडघ्यावर हात टेकतो, कोणी काठी धरतो, कोणी शेजाऱ्याचा खांदा धरतो. बायाबापड्यांचे तर विचारूच नका. उभा जन्म चुलीपुढे, ओढ्याच्या दगडापुढे आणि पिकाच्या ओळीत उकिडवे बसण्यात गेलेला. साठी आली की गुडघे कुरकुरायला लागतात.

पूर्वी यावर फारसा इलाज नव्हता. तेल चोळायचे, रुईचे पान गरम करून बांधायचे आणि सोसायचे. आता मात्र गावोगाव ऐकू येते की अमक्याने गुडघा बदलून घेतला. कोणी सांगतो, माणूस पळायला लागला. कोणी सांगतो, होता तो पायही गेला. दोन्ही बातम्या ऐकीव. यात घरचा पैसा जातो, अंगावर सुरी चालते, आणि एकदा हाड कापले की ते परत जोडता येत नाही. म्हणून हा विषय पारावरच्या गप्पांवर सोडणे बरे नव्हे. या धड्यात आम्ही तो सावकाश समजावून सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणती गोळी घ्यावी हे येथे सांगणार नाही. पण डॉक्टरांपुढे बसल्यावर त्यांचे बोलणे आपल्याला कळावे, आणि आपल्याला काय विचारायचे ते सुचावे, एवढी तयारी करून घेऊ.

गुडघा आतून कसा असतो

वरून मांडीचे हाड येते. खालून नडगीचे हाड येते. दोन्ही गुडघ्यात भेटतात. पुढून वाटी झाकण घालते. हाडावर हाड नुसते घासले असते, तर आपल्याला दहा पावलेही टाकता आली नसती. म्हणून निसर्गाने हाडांच्या टोकांवर एक पांढरा, गुळगुळीत, चिवट थर दिला आहे. त्याला कूर्चा म्हणतात. नारळातल्या कोवळ्या मलईसारखी ती हाडाला चिकटलेली असते, पण मलईपेक्षा कितीतरी बळकट. शिवाय सांध्यात थोडा चिकट रस असतो. बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो ना, तसेच त्याचे काम.

या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. बोट कापले तर भरून येते, कारण तेथे रक्त पोचते. कूर्चा झिजली तर मात्र ती पहिल्यासारखी भरून येत नाही. वय, अंगाचे वजन, जुना मार, घराण्यात असलेला दोष, वाकडा पाय, अशा अनेक कारणांनी ती झिजत जाते. शेवटी हाडावर हाड घासू लागते. मग सूज येते, कटकट वाजते, पाय कमानीसारखा बाहेर वाकतो. यालाच झिजेचा संधिवात म्हणतात. दुसराही एक संधिवात आहे. त्यात बोटांचे, मनगटांचे सांधे एकदम सुजतात आणि सकाळी अंग तासन्‌तास आखडलेले असते. त्याची औषधे वेगळी असतात. म्हणून आपला संधिवात कोणता, हे आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

डॉक्टर उभे करून एक्स-रे काढतात. त्याचे कारण आहे. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. तिची जागा दोन हाडांमध्ये मोकळी फट म्हणून दिसते. उभे राहिल्यावर अंगाचा भार पडतो, आणि कूर्चा झिजली असेल तर ती फट बारीक झालेली किंवा पार मिटलेली दिसते. पण एक ध्यानात ठेवा. एक्स-रे वाईट दिसला म्हणून ऑपरेशन करायचे नसते. ऑपरेशन माणसाचे करायचे असते. फोटो वाईट पण माणूस मजेत चालतो, असेही पुष्कळ असतात.

सुरीच्या आधी

गुडघा बदलणे हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातले बहुतेक फुकट आहे. म्हणूनच की काय, ते कोणी करीत नाही!

पहिले वजन. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. हिशोब करून पाहा. दहा किलो वजन उतरले, तर पावलागणिक वीस-तीस किलोंचे ओझे उतरले. धान्याचे अर्धे पोते डोक्यावरून खाली ठेवल्यासारखेच झाले.

दुसरे मांडीचा व्यायाम. मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्याला धरून ठेवतो. दुखते म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिला की स्नायू वाळतो. स्नायू वाळला की गुडघा आणखी दुखतो. खुर्चीवर बसावे, पाय समोर सरळ करावा, दहा आकडे मोजावे, सावकाश खाली घ्यावा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

तिसरी काठी. काठी कोणत्या हातात धरावी? दुखतो त्याच बाजूला, असे जवळजवळ सगळे सांगतील. ते चूक आहे. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी आणि उजव्या पायाबरोबर पुढे टाकावी. मग भार वाटला जातो. आजच करून पाहा, फरक कळेल.

दुखण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस घ्याव्यात. दुकानातून मनाने आणून वर्षानुवर्षे घेतल्या तर पोटात जखम होते आणि मूत्रपिंड बिघडते. बाजारच्या दिवशी पुड्या विकणारेही येतात. एका पुडीत गुडघा मोकळा करतात! अशा पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड नावाचे जहाल औषध मिसळलेले सापडले आहे. चार दिवस बरे वाटते, मग तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. त्या वाटेला जाऊ नये.

एवढे सगळे सहा महिने मन लावून केले, तरी रात्री दुखण्याने झोप लागत नाही, घरातल्या घरात फिरणे कठीण झाले, पाय वाकडा होत चालला, तर मग ऑपरेशनचा विचार करावा. घाई नसते. हे काही आंत्रपुच्छाचे दुखणे नव्हे, की आजच्या आज टेबलावर जावे. करायचे की नाही, केव्हा करायचे, हे ज्याचा गुडघा त्यानेच ठरवायचे असते.

हा इलाज निघाला कसा

माणसाच्या सांध्यात परका पदार्थ बसवायचा, ही कल्पना जुनी आहे. जर्मनीत बर्लिन शहरी ग्लुक नावाच्या डॉक्टरांनी १८९० साली एका रोग्याला हस्तिदंताचा गुडघा बसवला होता. हस्तिदंत! पण त्या काळी क्षयाने सडलेल्या सांध्यात तो बसवला होता. त्यात पू झाला आणि प्रयत्न फसला.

खरी वाट दाखवली ती इंग्लंडमधल्या जॉन चार्नली या डॉक्टरांनी. त्यांचे काम खुब्याच्या सांध्यावर होते. धातूचा गोळा आणि त्याला बसायला घसरट प्लॅस्टिकची वाटी, अशी त्यांची जोडणी. हाडाला ती पक्की बसावी म्हणून दातांचे डॉक्टर वापरत त्या जातीचे सिमेंट त्यांनी घेतले. पहिले प्लॅस्टिक त्यांनी १९५८ च्या सुमारास वापरले. रोगी आनंदाने चालू लागले. पण थोड्याच वर्षांत ते प्लॅस्टिक झिजून गेले आणि कितीतरी रोग्यांची ऑपरेशने पुन्हा करावी लागली. दुसरा एखादा खचला असता. यांनी नवे प्लॅस्टिक शोधले. ते कापडगिरणीच्या यंत्रांतल्या चाकांसाठी वापरत. ते अंगात टिकते का, हे पाहायला चार्नलींनी त्याचा तुकडा स्वतःच्या मांडीत घालून पाहिला. रोग्याच्या आधी आपल्या अंगावर प्रयोग करणारा डॉक्टर, म्हणून आम्हाला या माणसाविषयी विशेष आदर वाटतो. १९६२ साली त्यांनी नवी वाटी बसवली आणि ती टिकली. आजचे सांधे त्याच जोडणीची नातवंडे आहेत.

गुडघा खुब्यापेक्षा अवघड. खुबा उखळातल्या मुसळासारखा फिरतो. गुडघा वाकतो, घसरतो आणि थोडा वळतोही. त्याला जुळेल असा चांगला सांधा १९७० नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्क शहरी तयार झाला. तो करणाऱ्या मंडळींत एक आपल्याकडचे होते. इंदूरला शिकून गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत. त्यांचेच हात पुढे आपल्या पंतप्रधानांच्या कामी आले. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचे गुडघे फार झिजले होते. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा डॉ. राणावतांनी बदलला. त्या वेळी ही गोष्ट वर्तमानपत्रांतून घराघरांत पोचली, आणि आपल्या देशात पुष्कळांना या ऑपरेशनचे नाव तेव्हा प्रथम कळले.

टेबलावर काय घडते

‘गुडघा बदलला’ हा शब्द जरा फसवा आहे. तो ऐकून वाटते, अख्खा गुडघा काढून टाकतात आणि दुसरा बसवतात, जसे गाडीचे चाक बदलतात. तसे नाही. काठीचे टोक झिजते तेव्हा आपण काठी फेकतो का? टोक थोडे तासतो आणि त्यावर लोखंडी शेंबी बसवतो. तसेच हे आहे.

कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, किंवा पूर्ण भूल देतात. गुडघ्यावर पुढून काप घेतात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक बेताने तासतात, साधारण बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. मांडीच्या हाडावर धातूची टोपी बसवतात. नडगीच्या हाडावर धातूची चपटी थाळी बसवतात. दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकची गादी. तीच आता कूर्चेचे काम करणार. काही वेळा वाटीच्या मागच्या बाजूलाही प्लॅस्टिकचे बटण लावतात. आजूबाजूचे स्नायू आपलेच, आणि बाजूचे पट्टेही बहुतेक आपलेच राहतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे व्यायामाचा विषय येणार आहे. धातू नवा आहे, पण तो हलवणारे स्नायू जुनेच आहेत आणि तेच वाळलेले आहेत.

सगळे काम दीड-दोन तासांत होते. अलीकडे रोबोटच्या जाहिराती फार दिसतात. रोबोट म्हणजे मोजमापाला आणि कापायला मदत करणारे यंत्र. ऑपरेशन डॉक्टरच करतात. त्यामुळे सांधा जास्त वर्षे टिकतो, असे अजून सिद्ध झालेले नाही. तेव्हा केवळ यंत्राच्या नावाने जादा पैसे मोजण्याआधी विचार करावा.

काय मिळते आणि काय मिळत नाही

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आमच्या माहितीतल्या एक बाई आहेत. सगळा गाव त्यांना आक्का म्हणतो. वय पासष्टच्या पुढे. सगळे आयुष्य भांगलणीत गेलेले. दोन्ही पाय वाकडे झाले. मुलगा त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल. मुलगा लगेच म्हणाला, “करून टाका सायेब. वावराचा तुकडा गहाण ठेवतो, पण आईचा पाय सरळ करा.”

आक्का शाळेत गेल्या नव्हत्या, पण प्रश्न विचारायला त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्या म्हणाल्या, “डॉक्टर, पाय सरळ हुईल न्हवं?”

“होईल, आक्का. रात्रीचं दुखणं बहुतेक जाईल. बाजारापर्यंत चालत जाल. जिना चढाल, एस.टी.त चढाल.”

“आन् भांगलायला बसता यील का?”

“नाही. उकिडवं बसायचं नाही. खाली मांडी घालून बसायचं नाही.”

“मग देवापुढं?”

“खुर्चीवर बसायचं.”

“पंगतीला?”

“खुर्चीवरच.”

आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग मुलाला म्हणाल्या, “वावार गहाण टाकून पाय सरळ करायचा, आन् त्याच वावरात मला बसता यायचं न्हाई. थांब लेका. घरी चल. मला इचार करू दे.”

असा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. डॉक्टर म्हणतात, “गुडघा चांगला होईल.” आपण समजतो, विशीतला गुडघा परत मिळेल. तो मिळत नाही. नवा गुडघा दुखणे घालवण्यासाठी आणि चालण्यासाठी आहे. तो साधारण काटकोनाच्या थोडा पुढे वाकतो. पार टाचेपर्यंत दुमडत नाही. कोणाचा दुमडला, तरी तसे रोज बसल्याने आतली प्लॅस्टिकची गादी लवकर झिजते, म्हणून डॉक्टर नको म्हणतात. कापाच्या बाहेरच्या अंगाला एक पट्टा बधिर राहतो. चालताना कधी टक् असा आवाज येतो. त्याला भिऊ नये, धातूवर प्लॅस्टिक टेकल्याचा तो आवाज. गुडघा टेकून बसायला बहुतेकांना अवघडल्यासारखे होते.

सगळेच खूश होतात का? नाही. पाच जणांतले चार समाधानी असतात. पाचव्याचे काही ना काही दुखणे उरते, किंवा त्याने जी आशा धरली होती ती पुरी होत नाही. शंभरांत एखाद्या-दुसऱ्याला सांध्यात पू होतो. हा सर्वांत वाईट प्रसंग. पुन्हा ऑपरेशन करावे लागते, कधी सांधा काढावा लागतो. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. आणि टिकाऊपणा म्हणाल, तर परदेशांतल्या मोठ्या नोंदवह्यांवरून असे दिसते की शंभरांतले ऐंशीहून अधिक गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. म्हणजे साठी-सत्तरीत बसवलेला सांधा बहुतेकांना जन्मभर पुरतो. चाळिशीतल्या माणसाने मात्र दहादा विचार करावा.

आक्कांनी चार महिने वाट पाहिली. काठी उलट्या हातात घेतली, मांडीचे व्यायाम केले, रात्रीचा भात कमी केला. दिवसाचे दुखणे थोडे उतरले, रात्रीचे उतरले नाही. शेवटी त्यांनी ठरवले की करायचे, पण वावर गहाण टाकायचे नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयात नाव घातले. नंबर लागायला वेळ गेला. त्या आता चालत शेतावर जातात आणि बांधावर खुर्ची टाकून बसतात. भांगलण सुनेकडे गेली, म्हशीची धारही सुनेकडे गेली. सुनेचे काम वाढले, हेही सांगितले पाहिजे. आक्का आठवडी बाजारात खुर्चीवर बसून भाजी विकतात. आधी लोक हसले. आता शेजारच्या दोघींनीही खुर्च्या आणल्या आहेत.

पैशाचे आणि कागदाचे

सांध्याच्या किमतीवर पूर्वी धरबंध नव्हता. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने त्याचे कमाल भाव ठरवून दिले. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम धातूच्या पूर्ण गुडघ्याचा भाव तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर कर, असा ठरला. हे भाव पुढे बदलत गेले, म्हणून चालू भाव विचारून घ्यावा. हा भाव नुसत्या सांध्याचा. डॉक्टरांची फी, खाट, औषधे यांचा खर्च वेगळा. बिलात सांध्याची किंमत निराळी लिहिली पाहिजे, कंपनीचे नाव आणि नंबर दिला पाहिजे, असाही सरकारी हुकूम आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत योजना, या दोन नावांची चौकशी करावी. सत्तर वर्षे पुरी झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ सालापासून आयुष्मानचे कार्ड मिळते. मात्र योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात गुडघ्याचे ऑपरेशन होतेच असे नाही. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणून एक माणूस बसतो. आधी त्याला गाठावे, शिधापत्रिका व आधारकार्ड दाखवावे, आणि मग पैशाची तजवीज ठरवावी. सावकाराकडे आधी जाऊ नये.

ऑपरेशनच्या आधी एक कागद पुढे येतो. त्याला संमतिपत्र म्हणतात. इतके दिवस आपण काय केले? शाई लावली आणि अंगठा उठवला. आता आपल्याला वाचता येते. तो कागद हातात घ्यावा आणि अक्षर अक्षर लावून वाचावा. वेळ लागला तर लागू द्या. आपले नाव बरोबर आहे का? कोणता पाय लिहिला आहे, डावा की उजवा? काय करणार आहेत? कोणते धोके लिहिले आहेत? कागद इंग्रजीत असेल तर म्हणावे, “मराठीत द्या, नाहीतर मराठीत सांगा.” तो आपला हक्क आहे. समजले तर सही करावी. नाही समजले तर पुन्हा विचारावे. चांगला डॉक्टर अशा विचारण्याने रागावत नाही.

जाण्यापूर्वी घरची तयारी

मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणल्याशिवाय ऑपरेशन करीत नाहीत. साखर वाढलेल्या अंगात जखम लवकर पिकते. तंबाखू, मिश्री, बिडी बंद. त्याने जखम भरायला उशीर लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. मनाने बंद करू नयेत आणि मनाने चालूही ठेवू नयेत.

अंगावर कोठे गळू, पिकलेला दात, लघवीची जळजळ, पायाला चीर किंवा काटा मोडलेला असेल तर लपवू नये. आपण अनवाणी हिंडणारी माणसे. टाचेच्या भेगेचे आपल्याला काहीच वाटत नाही. पण त्या भेगेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. म्हणून महिनाभर आधीपासून पाय धुऊन, तेल लावून, चप्पल घालून जपावे.

घरात खुर्चीसारखा उंच संडास लागतो. नवा बांधणे जमत नसेल, तर मध्ये भोक असलेली कमोडची खुर्ची मिळते. ती आहे त्या संडासावर ठेवता येते. निजायला खाट हवी. वाटेतली सतरंजी, घोंगडे, सैल वायर काढून टाकावी. पाय अडकून पडले तर सगळेच मुसळ केरात.

घरी आल्यावर

ऑपरेशनच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोग्याला उभे करतात आणि चालवतात. घरच्यांना हे निर्दयपणाचे वाटते. पण डॉक्टरांचे बरोबर आहे. हातात वॉकर देतात, म्हणजे चार पायांची हलकी चौकट. तीन-चार आठवडे वॉकर, मग काठी. साधारण सहा आठवड्यांत घरातली कामे, तीन महिन्यांत बाहेरचे फिरणे. सूज आणि ऊब कित्येक महिने राहते, आणि गुडघा पुरता आपला वाटायला वर्षही लागते. पहिले दोन आठवडे दुखते, चांगलेच दुखते. दिलेली गोळी वेळेवर घ्यावी आणि तिच्या जोरावर व्यायाम करावा.

पाय सरळ करण्याचा व्यायाम आणि वाकवण्याचा व्यायाम, दोन्ही सारखेच महत्त्वाचे. निजल्या निजल्या पाऊल घोट्यात वर-खाली करावे, म्हणजे पोटरीत रक्त साचत नाही.

आता उशीची गोष्ट. एका गृहस्थांना घरी आणले. मुले-सुना फार मायेच्या. “अण्णा, तुम्ही हलू नका. आम्ही आहोत ना.” जेवण खाटेवर, सगळे खाटेवर. गुडघा दुखतो म्हणून खाली मऊ उशी दिली. उशीवर गुडघा थोडा वाकून राहतो आणि बरे वाटते. दिवस-रात्र उशी तशीच. व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या, की अण्णा ओरडायचे. मुलांचा जीव तुटायचा. ते ताईंना म्हणाले, “उद्या या.” असा उद्या दोन महिने चालला. तोवर गुडघा वाकलेलाच आखडला. पुरता सरळ होईना, पुरता वाकेना. पुन्हा भूल देऊन डॉक्टरांनी तो मोकळा केला, तेव्हा थोडा फरक पडला. सांधा उत्तम बसवला होता. घात उशीने केला. गुडघ्याखाली उशी ठेवू नये. ठेवायचीच तर टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपोआप सरळ ताणला जातो. आणि माया दाखवायची तर जवळ बसून दहा आकडे मोजावेत.

केव्हा धावत जावे

टाके साधारण दोन आठवड्यांनी काढतात. तोवर जखम कोरडी ठेवावी. तिच्यावर हळद, राख, झाडपाला काही लावू नये. जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप भरला, लाली पसरू लागली, आधी कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जावे. गावात मनाने इंजेक्शन घेऊन थांबू नये. पोटरी दुखून सुजली तरी तसेच. एकाएकी दम लागला किंवा छातीत कळ आली, तर फुप्फुसात गुठळी गेल्याची भीती असते. लगेच १०८ ला फोन करावा.

पुढे वर्षे गेल्यावरही अंगावर गळू झाले, दात पिकला, तर डॉक्टरांना सांगावे की आपल्या गुडघ्यात धातू आहे. दुसरा गुडघा करायचा असेल तर पहिला नीट चालता झाल्यावर ठरवावे. ऑपरेशनच्या वेळी सांध्याच्या डब्यावरची चिठ्ठी कागदावर चिकटवतात. तिच्यावर कंपनीचे नाव आणि नंबर असतो. तो कागद पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या उताऱ्याशेजारी ठेवावा, आणि डॉक्टर तपासणीला व एक्स-रेला बोलावतील तेव्हा दर वेळी बरोबर न्यावा.